पांढरं बटण

"ह्या बटणाचं काय करू?" वायरिंगवाल्या इक्बालभाईंनी स्टिअरिंगखालचं पांढरं बटण दाखवलं. बाबांच्या गाडीतला कॅसेटवाला स्टिरिओ बाहेर निघाला होता. त्याच्या जागी मोबाइलवरची गाणी वाजवणारा नवा बसत होता.

"काढून टाका," श्रीरंग म्हणाला.

इक्बालभाई घुटमळले. "तुमच्या वडिलांनी मुद्दाम बसवून घेतलं होतं. दाबलं की गाणं एकदम बंद."

श्रीरंगला हसू आलं. नदीवरचा पूल आला की बाबा ते बटण दाबायचे आणि पलीकडे पोचेपर्यंत गाणं बंद ठेवायचे. लहानपणी त्याने कारण विचारलं, की ओठांवर बोट ठेवायचे. "हळू बोल. इथं एक पोर झोपलीय." बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आता गप्प बसवणारं कुणी उरलं नव्हतं.

बटण निघालं. मोकळ्या वायरींवर इक्बालभाईंनी काळी टेप गुंडाळली.

भर दुपारी श्रीरंग एकटाच घरी निघाला. नव्या स्पीकरचा आवाज काय खणखणीत होता! त्याने तो आणखी वाढवला आणि ताल धरत गाडी पुलावर घातली. मध्यावर आल्यावर मागची सीट करकरली. त्याचा हात आपसूक स्टिअरिंगखाली गेला. बोटांना नुसती टेप लागली.

गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आत त्याच्या मानेजवळ कुणीतरी जांभई दिली आणि नुकताच झोपेतून उठलेला एक बारीक आवाज म्हणाला, "आलं का घर?"