निळं टेबल

मोठ्या आत्याच्या ठिपक्यातून एवढ्या रेघा निघाल्या की पडद्यावर तिचं नावही दिसेना. "हिला एकटीलाच टेबल द्यावं लागणार," ताई म्हणाली. फोनवर भाऊ हसला.

त्याच्या लग्नाच्या जेवणाची तयारी चालली होती. निम्म्या नातेवाइकांचा उरलेल्या निम्म्यांशी छत्तीसचा आकडा. ताई कॉलेजात नेटवर्कचं गणित शिकवायची, म्हणून टेबलं ठरवायचं काम तिनं हौसेनं मागून घेतलं होतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ज्यांचं एका टेबलावर जमणार नाही, त्यांच्यामध्ये रेघ. रेघेच्या दोन टोकांना एकच रंग येता कामा नये, आणि एक रंग म्हणजे एक टेबल. प्रोग्राम ताईनं लिहिला. कुणाला कोण नको, ते फोन करून विचारायचं आणि रेघा भरायच्या, हे भावाकडे. आई हल्ली ताईचा फोन उचलायची नाही आणि बाबा कायम घाईत असायचे.

ताईला खरं तर त्या दोनच ठिपक्यांची पडली होती. बाबांचं बाहेर काय चाललंय ते शाळेत असताना तिनंच आईला सांगितलं होतं. घर मोडलं. त्यानंतर दोघांना एका टेबलावर जेवताना तिनं पाहिलंच नव्हतं. ते एकदा डोळे भरून पाहायचं होतं आणि आपणही तिथेच बसायचं होतं.

तिनं बटण दाबलं. आई निळी. बाबाही निळे.

"दोघांना नीट विचारलंस ना?"

"विचारलं. एकत्र बसायला हरकत नाही म्हणाले. झालं गेलं विसरायचं, म्हणे."

ताईला रडूच फुटलं.

"ताई, पुढचं मी बघतो. तू बंद कर आता ते."

"थांब रे. माझी खुर्ची तर बघू दे."

तिचा ठिपका पिवळा होता, भावाच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर. निळ्या टेबलावर एक जागा रिकामी होती. तिनं स्वतःला उचलून आई-बाबांच्या मधे ठेवलं आणि बटण दाबलं. ठिपका परत पिवळा. पुन्हा ठेवलं, पुन्हा पिवळा.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती डोळे पुसत म्हणाली. बाकी सगळ्या रेघा लपवून तिनं फक्त आपल्या ठिपक्याच्या रेघा समोर घेतल्या.

दोन होत्या. एक आईपासून आलेली, एक बाबांपासून.