सकाळची सोबत

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून वकीलसाहेब रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारत. मुलीने दिलेलं ठोके दाखवणारं घड्याळ मनगटावर आणि नजर सारखी त्यावरच. त्यांना काही होऊ नये म्हणून बायको सोबत जाई, पाण्याची बाटली आणि त्यांच्या गोळ्या घेऊन.

"अहो, जरा थांबू या का?" ती मागून म्हणायची.

"थांबलो की ठोके उतरतात. तू ये सावकाश." आणि ते झपाझप पुढे निघायचे.

एका सकाळी ते फेरी पुरी करून आले, तर ती वाटेतच खाली बसलेली, घामाने निथळत. चार जणांनी उचलून तिला दवाखान्यात नेलं.

"यांना धाप कधीपासून लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

वकीलसाहेबांना स्वतःचे कालचे, परवाचे ठोके तोंडपाठ होते.

"नाही... म्हणजे, आजच असेल."

बायकोने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला.

"वर्ष झालं, डॉक्टर," ती म्हणाली. "ह्यांना नका विचारू. हे पुढे असायचे."