समोर तळं आहे

"अण्णा, तुम्ही कुठं आहात? समोर काय दिसतंय?" फोन कानाशी दाबून वैजयंतानं विचारलं. वडील तासाभरापूर्वी घरातून निघून गेले होते. हल्ली त्यांना रस्ते आठवत नसत, आणि त्यांच्या साध्या फोनवरून ठावठिकाणा कळायची सोय नव्हती.

"समोर तळं आहे. डाव्या हाताला दोन टेकड्या. मधून ओढा, पल्याड देऊळ."

ती नकाशांच्या कचेरीत कामाला होती, आत्ताही तिथंच होती. तिथल्या नव्या संगणकाला जागेचं नाव सांगावं लागत नसे. पडद्यावर बोटानं चित्र काढलं, की तो तशी जागा हुडकून द्यायचा. तिनं घाईघाईनं तळं काढलं, टेकड्या काढल्या. ओढा दोनदा पुसावा लागला. शहरात काहीच सापडेना, तेव्हा तिनं सगळ्या राज्यात शोध घेतला. एकच ठिकाण उजळलं. चिंचखोपी. अण्णांचं लहानपण गेलं ते गाव, इथून सात तासांच्या वाटेवर.

म्हणजे ते तिथं नव्हतेच. आता शोधायचं तरी कुठं? तेवढ्यात फोनमधून भोंग्याचा आवाज आला, "तुळजापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे." चिंचखोपीला जायची तीच गाडी.

पर्स उचलून ती जिन्याकडे धावली. "अण्णा, गाडीत चढू नका. तिथंच बसा, मी येतेय."

"ये. पण तळ्याच्या कडेनं ये, बाळ," अण्णा म्हणाले. "ओढ्याला पाणी चढलंय."