लाल पट्टा

"निळा ठीक, हिरवाही ठीक. मध्ये हा लाल पट्टा कशाला घातलास गं?" आत्या माझ्या कानाशी पुटपुटली.

"मुलं तीन, म्हणून पट्टे तीन," मी म्हटलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. दादाने मान खाली घातली.

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी मी आम्हा भावंडांचे लहानपणचे स्वेटर उसवून ही शाल विणली होती. विणकाम मोबाइलवर बघून शिकले, त्यामुळे कडा जरा नागमोडीच आहेत. लाल पट्टा मात्र तीनदा उसवून सरळ केला. धाकटीने जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवसापासून बाबांनी घरात तिचं नाव काढायला बंदी घातली होती. अठरा वर्षं. तिचा स्वेटर आईने ट्रंकेच्या तळाशी जपला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बाबा, हा पट्टा काढायचा तर अख्खी शाल उसवावी लागेल," मी शाल त्यांच्या मांडीवर ठेवली. "उसवू?"

बाबा बराच वेळ लाल लोकरीवरून बोटं फिरवत राहिले.

"निरूला ही लोकर टोचायची," ते म्हणाले. "फोन लाव तिला."