लिनक्सवरचं नाव

“नाव घे की गं,” लग्नात हैबती हळूच म्हणाला होता. सारजाबाई लाजली ती लाजलीच. जन्मभर त्याला नुसतं ‘अवो’ म्हणाली.

गेल्या साली तो गेला. नसरापूरच्या त्याच्या फोटो स्टुडिओत आज सून मोहिनी घामाघूम झाली होती. उत्रोलीच्या नवरीचे फोटो सासऱ्याच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर, अल्बमचं काम विंडोजच्या कॉम्प्युटरवर आणि नवरीचा बाप बाकड्यावर. मुलगी संध्याकाळी सासरी निघायची होती आणि फोल्डर काही उघडेना.

“आत्या, फोल्डर उघडाया विंडोज आपलंच नाव पुढं करतंय. लिनक्सला तिथलं, मामंजींचं पायजे,” ती शेजारी बसलेल्या सारजाबाईला म्हणाली.

मोहिनीनं पडद्यावरच्या चौकटीत सासऱ्याचं नाव टाकलं, त्यानंच सांगितलेला पासवर्ड दिला. नाव पुसलं गेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पुसलं गेलं.

मग कीबोर्डला कुणाचंच बोट नसताना चौकटीत अक्षरं उमटली: नाव तिनं घ्यावं.

“व्हायरस हाय,” म्हणत नवरीच्या बापानं बाकडं दाराकडं सरकवलं.

सारजाबाई पदराआड काहीतरी पुटपुटली.

चौकटीत उमटलं: मोठ्यानं.

“घेते, अवो, घेते!” तिनं डोळे पुसले.

“चांदीच्या ताटात फुलांचा झेला,
हैबतरावांनी मरूनबी जीव लई येडा केला!”