बाणामागचे

केशरबाईंनी गॅसवर चहा ठेवला आणि न्हाणीजवळची ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडली. बियाणे कुठलेही असो, मूठभर दाणे असे भिजत घालून उगवण पाहिल्याशिवाय त्या ते गावी, मंठ्याकडे, भावाला पाठवत नसत. ही पिशवी तर लेकीच्याच कंपनीची होती. सोयाबीनच्या दाण्यांना कोंब नव्हते, बुरशी होती. कुजका वास स्वयंपाकघरभर पसरला.

"बेबी, नाक धर अन् बघ. तू म्हणली म्हणून साऱ्या भावकीनं हेच उचललंय."

बेबीनंदाने चहा घेतला नाही.

नवीन जालन्यातल्या ऑफिसात तिने संगणकावर बियाण्याच्या वाटचालीचा आराखडा उघडला. 'उगवण चाचणी'च्या चौकटीतून दोन बाण निघत: पास 'पॅकिंग'कडे, नापास 'नष्ट'कडे. हाच आराखडा छापून, काचेच्या फ्रेममध्ये बाहेरच्या खोलीत लावलेला होता. दुकानदार तो कौतुकाने पाहत.

आराखड्यामागचा प्रोग्रॅम तिच्या आधीच्या माणसाने लिहिला होता. बाणावर दोनदा क्लिक केले की त्यामागचा कोड उघडे. पण बाणामागे काही वेगळे असेल, असे तिला कधी वाटले नव्हते. तिने नापासच्या बाणावर क्लिक केले. जेमतेम तीन ओळी होत्या. उगवणीचा आकडा वाढवायचा. शेरा 'पास' करायचा. लॉट पॅकिंगला पाठवायचा.

सकाळचा वास पुन्हा नाकात शिरला. तिने मॅनेजरना हाक मारली.

"सर, नापास लॉट पॅकिंगला जाऊन राह्यलाय."

मॅनेजर तातेराव वाकून पडद्याकडे पाहत हसले. "तुला बाणात शिरायला कोणी सांगितलं? पेरणी तोंडावर आली, माल काय उकिरड्यावर टाकू? उगवलं न्हाई तर लोक पावसाला शिव्या देतेत. दरसाल देतेत."

"माझ्या मामाचं रान आहे, सर."

"मंग मामाला दुसरी पिशवी दे की, चांगली बघून! कोडला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"नाही लावत, सर."

दुपारी जिल्ह्यातले दुकानदार माल ठरवायला येणार होते. बेबीनंदाने कोडला हात लावला नाही. आराखड्यातल्या नापासच्या बाणाचे टोक तेवढे तिने 'नष्ट'वरून उचलले आणि 'पॅकिंग'ला जोडले. कागद छापला. फ्रेममधला जुना काढून नवा बसवला, काच स्वच्छ पुसली आणि दुकानदारांसाठी दार उघडले.