दहापैकी किती

दोन बीप वाजले. म्हणजे उत्तर चुकलं.

"अगं, रविवार कसा असेल? गुरुवार आहे आज," साहेब म्हणाले. "नीट आठव."

"रविवारच आहे," बाई म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

साहेबांनी उसासा टाकला. त्यांच्या हातातलं यंत्र चष्म्याच्या घराएवढं होतं. वर एका ओळीचा पडदा, खाली मुगाएवढ्या कळा. पाणी शुद्धीकरण केंद्रात सत्तावीस वर्षं साहेबांनी याच खिशातल्या कॉम्प्युटरवर पाण्यातल्या औषधाचं प्रमाण काढलं होतं. प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला. अख्खं शहर ते पाणी प्यायलं आणि एकाचंही पोट बिघडलं नाही, हे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आताशा येणारे-जाणारे उरले नव्हते, म्हणून बॅटरीवाल्याला ऐकवत.

आता यंत्रात नवा प्रोग्रॅम होता, बेचाळीस ओळींचा. बायकोचं डोकं तपासायचा. रोज सकाळी साहेब दहा प्रश्नांची बरोबर उत्तरं मोठ्याने म्हणत आत भरायचे. मग बाईंना एकेक प्रश्न विचारून त्यांचं उत्तर टाइप करायचे. जुळलं तर एक बीप, नाही जुळलं तर दोन. शेवटी पडद्यावर आकडा. गेल्या हिवाळ्यात तो नऊ असायचा. मग सात झाला, मग पाच, मग चार.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," साहेब म्हणायचे आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसायचे. शेहेचाळीस वर्षांचा संसार. त्यातलं माणूस रोज थोडं थोडं हातातून निसटत होतं आणि साहेबांना नुसते आकडे मांडता येत होते.

दर आठवड्याला, सुट्टीच्या दिवशी, बॅटरीवाला यायचा. साहेब त्याला बॅटरीवालाच म्हणत. चाळिशी ओलांडलेला, कानांवरचे केस पांढरे झालेला. या यंत्राच्या बॅटऱ्या बाजारातून कधीच गेल्या होत्या. हा पठ्ठ्या कुठून पैदा करायचा कोण जाणे. दोन्ही एकदम काढल्या तर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून तो जीभ दातांत धरून आधी एक बदलायचा, मग दुसरी. माणूस भला, पण अंमळ आगाऊ. चपला काढून थेट स्वयंपाकघरात जायचा आणि हाताने पाणी घ्यायचा. त्याहून वाईट म्हणजे बाई त्याला अरेतुरे करायच्या.

"परक्या माणसाला 'जेवून जा रे' काय?" तो गेल्यावर साहेब चिडायचे. "शोभतं का हे?"

आजाराचीच खूण, असं त्यांनी वहीत टिपून ठेवलं होतं.

दहाव्या प्रश्नाला तर बाईंची बोबडीच वळायची. 'आपला मुलगा या वेळी कुठे असतो?' बॅटरीवाला घरात असला तर त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या, नसला तर दाराकडे. आज तो आलेला होता, म्हणून त्या त्याच्याकडेच बघत बसल्या.

दोन बीप. पडद्यावर तीन आले.

बॅटरीवाल्याने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. टेकडीपलीकडे एक जागा होती. डोकं साथ देईनासं झालेल्या माणसांना तिथे सांभाळत. दाराला बाहेरून कडी असे आणि घरच्यांना महिन्यातून एकदा भेटता येई.

"सही तुमची लागेल, साहेब."

"हिचं नाव कुठे घालायचं?"

"नाव मी भरतो मागाहून. तुम्ही फक्त सही करा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाई सोललेले मटार तसेच टाकून उठल्या.

"मला एकटीला नाही राहता येणार," त्या बॅटरीवाल्याला म्हणाल्या.

"असं किती दिवस रेटायचं?" तो खाली बघत म्हणाला. "परवा गॅस उघडाच राहिला होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एक आठवडा द्या. पुढच्या खेपेला चाराच्या खाली आली तर सही करतो. शब्द माझा."

तो आठवडा साहेबांना अन्न गोड लागलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी ते उत्तरं भरत असताना बाई झाडू घेऊन मागेच उभ्या होत्या. "कॉपी करायची नाही हं," साहेब हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

बॅटरीवाला आला. तो नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराकडे वळला, तशा बाई आडव्या आल्या.

"या. बसा ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पाणी आणते."

बॅटरीवाला जागच्या जागी थांबला. साहेबांनी मात्र मान वर केली. कित्येक महिन्यांत बायको अशी रीतसर बोलली नव्हती.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

एक बीप.

"उद्या सकाळी मला कुठे जायचंय?"

"केंद्रावर. सकाळची पाळी आहे तुमची."

एक बीप. साहेब सरसावून बसले. आठ प्रश्न झाले, आठही बरोबर.

"हे गृहस्थ कोण?"

बाईंनी बॅटरीवाल्याकडे पाहिलंही नाही. "बॅटरीवाले."

एक बीप.

"आणि आपला मुलगा या वेळी कुठे असतो?"

बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"शाळेत गेलाय," त्या म्हणाल्या. "पाचला येईल."

एक बीप. पडद्यावर दहा.

साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दहापैकी दहा! फाडा तो फॉर्म. कुठेही जायचं नाही आता, दोघं इथेच राहणार." आकडा वहीत लिहायला ते यंत्र छातीशी धरून आतल्या खोलीत गेले.

बॅटरीवाला दारात चपला घालायला वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"येतो, आई," तो म्हणाला.

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "बाबा ऐकतील."